आत्याचा गप्प फोन

गुडघा दुखतोय असं चांगुणाआत्या फोनवर बोलली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या फोनवर गुडघ्याच्या तेलाच्या जाहिराती सुरू झाल्या. योगायोग असेल, असं भाची गौतमीनं समजावून पाहिलं. आत्याला काही पटलं नाही. तेव्हापासून खासगी बोलायचं असलं की ती फोन घरात ठेवून अंगणात यायची.

गौतमी शिक्रापूरजवळच्या कारखान्यात टेस्टिंगला होती. तिथल्या एका मैत्रिणीनं तिला सांगितलं होतं, की फोनमधली मूळची सिस्टीम काढून दुसरी टाकता येते. जाहिरातीवाल्यांशी काही संबंध नसलेली. गौतमीनं त्यासाठी चालेल असा सेकंडहँड फोन घेऊनही ठेवला होता, पण हात घालायचा धीर होत नव्हता. एका रविवारी ती फोन आणि लॅपटॉप घेऊन कोरेगाव भीमाला आत्याकडे आली.

"बिघडला तर?" आत्यानं विचारलं.

"बिघडला तर बिघडला. जमला तर तुझा."

केबल जोडली. सगळं पुसलं जाईल, असा इशारा आला. गौतमीनं बटण दाबलं. फोन काळा झाला आणि नेमकी तेव्हाच घरातली लाईट गेली. पंखा थांबला. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण फोनमध्ये काही हालचाल दिसेना.

"मेला का गं?"

"ठाव न्हाई, आत्या."

दोघी त्या काळ्या काचेकडे बघत बसल्या. मग काचेवर अक्षरं उमटली, एक रेघ हळूहळू पुढं सरकली आणि फोन उघडला. आत पाच-सहा चित्रं, बाकी सगळं मोकळं. सारवलेल्या अंगणासारखं.

"एवढंच?" आत्या म्हणाली. "बाकीची मंडळी कुठं गेली?"

"आपण बोलवू तीच येणार."

लाईट आल्यावर गौतमीनं आत्याचा जुना आणि हा नवा, दोन्ही फोन लॅपटॉपच्या नेटवर घेतले आणि शेजारीशेजारी जमिनीवर ठेवले. कोणता फोन बाहेर कुणाशी बोलतोय, ते लॅपटॉपवर दिसत होतं. दोन्ही फोनना कुणी हात लावला नव्हता, तरी जुन्याच्या नावापुढं ओळींमागून ओळी धावायला लागल्या. आत्या पुढं वाकली.

"मी तर काहीच क्येलं न्हाई!"

"त्याचं असंच चालू असतं. सारखं."

"आन् ह्यो?"

नव्याच्या नावापुढं काहीच नव्हतं. बऱ्याच वेळानं एक ओळ आली. आत्या दचकली. "कुठं गेला?"

गौतमीनं वाचलं आणि तिला हसू आलं. "टाइम विचारून आला. घड्याळ लावून घ्यायला."

आत्या हसली नाही. झोपलेल्या लेकराकडे बघावं तशी ती त्या फोनकडे बघत राहिली. बाहेर हायवेवर ट्रकांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते. तिचं तिकडं लक्षच नव्हतं.

"इतका येळ गप्प राहतो," ती हळूच म्हणाली, "आन् तरी जित्ता हाय."

बँकेचं अ‍ॅप मात्र मूळची सिस्टीम नसल्यामुळं त्यावर चालेना. गौतमीनं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. शेवटी आत्याच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. बँकेत मी जाईन चालत."

मेसेजचं अ‍ॅप चाललं. आत्यानं कवठे येमाईच्या आपल्या धाकट्या बहिणीला, बयाबाईला, बोलून निरोप पाठवायचं ठरवलं. बटण दाबताच फोननं विचारलं, या अ‍ॅपला आवाज ऐकू देऊ का? जुना फोनही असं विचारायचा. पण तो घेतला तेव्हा दुकानातल्या माणसानं भराभर सगळीकडे 'हो' दाबून दिलं होतं. आत्यानं चष्मा लावला. प्रत्येक अक्षरावर बोट ठेवत वाचलं. पहिल्यांदा तिनं 'नाही' दाबलं, खरंच आपलं ऐकतो का बघायला. फोननं तिचं ऐकलं. अ‍ॅप मुकाट थांबलं. आत्यानं गौतमीकडे पाहिलं. डोळे मोठे झाले होते.

मग तिनं पुन्हा बटण दाबलं, 'फक्त या वेळी' निवडलं आणि बटण दाबून धरलं. कोपऱ्यात, फोन ऐकतोय असं सांगणारा, एक हिरवा ठिपका लागला.

"बये, मी बोलतेय. आज गौतमी आलीया. बुधवारी तुझ्याकडं येते, वांगी ठेव," ती म्हणाली आणि बोट उचललं.

ठिपका विझला. आत्या कितीतरी वेळ त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होती.