डावीकडचा आत्मा

शिवणकामाच्या आमच्या लांबट खोलीत त्या दिवशी मशिनं बंद होती आणि माणसं पार जिन्यापर्यंत उभी होती. कशासाठी? तर माझ्या धाकट्या बहिणीला माणसांचे आत्मे दिसू लागले होते!

तिचा डावा डोळा नाकाकडे वळून रुतला होता, बाहेरच्या बाजूला फिरतच नव्हता. "माणसाशेजारी तोच माणूस दिसतो," एवढंच ती म्हणाली आणि अत्तरबाबाने ते उचललं. हा आधी अत्तर विकायचा; आता त्याच बाटल्यांतून 'दिव्यजल' विकत होता.

"देह इकडे, आत्मा तिकडे!" तो गरजायचा. "डोळा हलत नाही, कारण तो परलोकावर खिळलाय! इस्पितळाची पायरी चढाल, तर दृष्टी मालवेल!"

पूर्वी धाकटीच्या छातीतली कर्करोगाची गाठ काढली होती. त्यानंतरची नेहमीची तपासणी जवळ आली होती. बाबाचं ऐकून ती गेलीच नाही. डोकं ठणकायचं, सकाळी उलट्या व्हायच्या. बाबा म्हणे, आत्म्यांचा भार!

मी मात्र जळत होते. लहानपणापासून हेच. एकाच कापडाचे झगे शिवले, तरी पाहुणे म्हणायचे, "धाकटीला काय शोभतोय!" काजं करायला मी तिला शिकवलं, आणि गिऱ्हाईक विचारायचं, "धाकट्या बाईंच्या हातची आहेत ना?" आता आत्मेसुद्धा तिलाच!

शेवटी मीही जाऊन बसले. बाबा सगळ्यांना तिच्या डावीकडे खिडकीशी उभं करायचा, तिथे गर्दी मावत नव्हती, म्हणून तिच्या उजव्या हाताला, इस्त्रीच्या टेबलाशी.

तिने नजर वळवली. "ताई, तू एकटीच दिसतेस गं."

"म्हणजे? मला आत्मा नाही?"

खोलीत हशा पिकला. बाबा लगबगीने म्हणाला, "तिकडे बसू नका बाई, ती बाजू पाप्यांची!"

मी खिडकीशी उभ्या कापडवाल्याकडे बोट केलं. "मापात चार बोटं मारणाऱ्या याला आत्मा आहे, आणि मला नाही?"

मी तरातरा उठले आणि त्याला हटवून खिडकीशी उभी राहिले.

"आता दिसला," धाकटी म्हणाली. "तुझ्याहून जरा लांब उभा आहे."

कापडवाल्याला इस्त्रीच्या टेबलाशी उभं केलं, तर त्याचा आत्मा गायब! बाबा सगळ्यांना खिडकीशीच का उभं करतो, ते आता कळलं. मी धाकटीच्या डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला. "खिडकीशी बघ. प्रत्येकाचे किती?"

ती गांगरली. "एकेकच."

"काय हो बाबा, आत्मे माझ्या तळहाताला घाबरतात?"

"अविश्वास! अविश्वास!" म्हणत तो बाटल्या गोळा करू लागला. लोक हसले. मीही हसत होते. तेवढ्यात धाकटीने माझं मनगट धरलं. "मग ताई, मला झालंय तरी काय?"

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्यासमोर बोट धरून तिच्या डावीकडे नेलं. डावा डोळा मध्यापलीकडे सरकेना. "हा डोळा बाहेर वळवणारी नस निकामी झालीय," त्या म्हणाल्या. "दोन डोळे दोन दिशांना बघतात, म्हणून एकाची दोन माणसं. उजवीकडे बघताना त्या नसेचं काम पडत नाही, म्हणून एकच." गाठीचं ऐकताच त्यांचा आवाज उतरला. "आजच्या आज मोठ्या इस्पितळात जा."

तिथे मेंदूचा फोटो काढला, मणक्यातलं पाणी तपासलं. कर्करोग मेंदूवरच्या आवरणात पसरला होता. डोळ्याची ती नस त्यातच अडकली होती. पूर्ण बरं होणं नाही, पण वेदना कमी करता येतील, थोडा वेळ मिळेल, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. लवकर आलो असतो, तर कदाचित जास्त मिळाला असता.

उपचारांनी डोकेदुखी ओसरली. एका डोळ्यावर पट्टी बांधून ती पुन्हा काजं करायला बसली. एका डोळ्याने केलेली तिची काजं माझ्या दोन डोळ्यांच्या काजांहून सुबक! मी पुन्हा जळले, आणि जळताना इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. पुढे काही महिन्यांनी ती गेली.

म्हणून सांगते. कुणाचा डोळा वळेनासा झाला, एकाचे दोन दिसू लागले, तर हात जोडत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. पूर्वी कर्करोग झाला असेल, तर ते न विसरता सांगा. त्या चमत्काराने माझ्या बहिणीचे दिवस खाल्ले. मला तिचा हेवा अजून पुष्कळ करायचा होता.