ढब्बूचं वजन उतरलं

"आणखी दीड किलो!" वहिनी खोलीत शिरता शिरताच ओरडली. सकाळी नर्सने केलेलं वजन ढब्बूनेच घरच्या ग्रुपवर कळवलं होतं, आणि भावाने त्यावर अंगठ्यांची रांग लावली होती.

खाटेवरची ढब्बू लाजली. गाठीबरोबर यकृताचा मोठा तुकडा काढून आता पंधरवडा होत आला, तरी पोटावरची जखम पाझरतच होती. दंडाची कातडी लोंबायला लागली होती. पण हसू असं, की थोरल्या अक्काला बघवेना.

त्यांच्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं. वाढदिवसाला पोराला पोत्यांच्या काट्यावर उभं करायची घरची रीत. भावाचं वजन वाढलं की त्याला मूठभर बेदाणे मिळायचे. ढब्बूची पाळी आली की वडील हाक मारायचे, "अरे, ते मोठं माप आणा रे आतून!" हमाल हसायचे, गिऱ्हाईकं हसायची, आणि सगळ्यांत मोठ्याने ढब्बूच हसायची. न हसून जाते कुठे बिचारी!

सर्जनने ऑपरेशनआधी काही लपवलं नव्हतं. "वजन जास्त आहे, यकृतावरही चरबी आहे. वेळ लागेल, जखम चिघळायची भीती जास्त. पण म्हणून गाठ ठेवता येणार नाही." घरच्यांनी त्यातलं 'वजन जास्त' तेवढं उचललं. बाकीचं कानावरून गेलं.

आज सकाळी सर्जन जखम बघून कपाळाला आठ्या घालून म्हणाला होता, "जेवता ना नीट? उरलेलं यकृत वाढायचंय, जखम भरायचीय. अंगावर चरबी आहे म्हणजे आत साठा आहे असं समजू नका. आता उतरतंय ते मांस आहे. असंच चाललं तर हे दुखणं हाताबाहेर जाईल."

"जेवते की," ढब्बू म्हणाली होती.

अक्का खाली औषधं आणायला गेली. परत आली तेव्हा वहिनी ढब्बूच्या ताटातलं उकडलेलं अंडं सोलून तोंडात टाकत होती. दुसऱ्या अंड्याची टरफलं आधीच बाजूला पडली होती.

"हे काय?"

"तिला नको होतं हो अक्का. रोज मीच संपवते, वाया कशाला घालवायचं? आयतीच बारीक होतेय तर होऊ दे की. लोक पैसे मोजून उपाशी राहतात!"

अक्काने ताट ओढून घेतलं. "रोज? जखम भरत नाही म्हणून डॉक्टर डोकं धरून बसलाय, आणि तू तिच्या तोंडचा घास गिळतेस?"

"मी काय हिसकावून घेतला? तुमच्या भावानेच सांगितलंय, खाण्याचा आग्रह करू नका म्हणून."

"त्याला सांग, बेदाणे खाऊन खाऊन डोक्यातही तेच भरलेत! आणि तू ऊठ. जेवणाच्या वेळी पुन्हा या दारात दिसलीस तर बघ."

वहिनी पर्स उचलून तणतणत गेली. अक्काने नर्सला गाठून दुसरं ताट मागवलं आणि खाट वर करून ढब्बूपुढे ठेवलं. ढब्बूने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"साठ वर्षांत पहिल्यांदा कुणी शाबासकी दिली मला," ती म्हणाली. "तीसुद्धा तुला बघवली नाही."

अक्काने ताट आणखी पुढे सरकवलं. या बाईचा राग करावा, की तिला असं शाबासकीच्या भिकेला लावणाऱ्यांचा? सगळ्यांचाच आला तिला, मेलेल्या बापासकट.

"आग लागो त्या शाबासकीला! मेल्यावर तर आणखी हलकी होशील, तेव्हाही टाळ्या वाजवतील. भांडायचंय माझ्याशी? भांड. पण अंगात जोर आण आधी."

ढब्बूने मान वळवली. डोळ्यांत पाणी आणि अंगार दोन्ही. तिने वाटी ओढली, घास तोंडात कोंबला आणि अक्काकडे डोळे वटारून बघत चावत राहिली.

"मीठ नाहीये याला," ती फणकारली आणि पुढचा घास घेतला.