कडीवरचा हात

मी बोलतेय. माझ्या तोंडाकडे बघून मला लगेच उपडी ठेवू नका. मी एक भुताची कादंबरी आहे, तीसुद्धा लहानशी. वरण-भात शिजेपर्यंत निम्मी वाचून होते.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. गोष्ट लिहिणाऱ्याने लिहिली, पण मला तोंड दिलं ते चित्रकाराने. एक काळं दार, त्याची एक फळी फुटलेली, आणि त्या भोकातून आत आलेला सुरकुतलेला हात कडी चाचपतोय. एवढंच. भूत चित्रात नाही, गोष्टीतही कुणाला दिसत नाही. ते दाराबाहेर उभं राहतं आणि आतल्यांच्या ओळखीच्या माणसाच्या आवाजात हाक मारतं. दार उघडलं की घरातलं एक माणूस कमी होतं.

चंदीगडला मी बदलीच्या सामानातून आले. विमानदलातल्या साहेबांच्या पत्नी सुमेधाताई, त्यांची मी. तिथल्या मराठी घरांसाठी त्यांनी वाचनालय चालवलं होतं. वाचनालय म्हणजे त्यांच्या बैठकीच्या खोलीतली पत्र्याची ट्रंक. महिन्यातून एकदा सगळे जमत, चिवडा खात, पुस्तकं बदलत. ताईंचा नियम एकच, पुस्तक परत करताना शेवटच्या कोऱ्या पानावर अभिप्राय लिहायचा. त्याशिवाय दुसरं पुस्तक नाही.

त्यामुळे माझं शेवटचं पान भरत गेलं. बँकेतल्या दिगंबररावांनी लिहिलं, "भाषा ओघवती. भीती वाटली नाही." नलिनीबाईंनी लिहिलं, "गोष्टीपेक्षा चित्रच भयंकर. पुस्तकावर परात पालथी घालून झोपले." श्यामसुंदर नावाच्या गृहस्थांनी लिहिलं, "ओळखीच्या आवाजातलं भूत ही कल्पना अशक्य." त्याच्याखाली पुढे कुणीतरी नाव न घालता पेन्सिलीने लिहिलं, "आता अशक्य वाटत नाही."

दिवसच तसे आले होते. पंजाबात अतिरेकी बसमधून माणसं उतरवून गोळ्या घालत होते. कुठल्याशा गावात दार वाजवून, नाव घेऊन बोलावलं आणि अंगणातच मारलं, अशा बातम्या सकाळच्या चहाबरोबर यायच्या. दिवे लागायच्या आत रस्ते ओस पडत. ट्रंकेभोवती जमणारी माणसंही पाठीमागच्या दाराकडे सारखी वळून बघायची.

अशाच एका बैठकीत पद्मिनीने मला उचललं. कऱ्हाडकडची, सातवी शिकलेली, पोटुशी. नवरा नंदकुमार सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत, आणि यंत्रं बसवायला त्याला लुधियाना-जालंधरकडे जावं लागे.

"मला अभिप्राय बिभिप्राय लिहायला नाही येत ताई," ती म्हणाली.

"अगं, 'आवडलं' एवढं लिही. आणि हे काय घेतलंस, या दिवसांत?"

"बाहेर जे चाललंय त्यापेक्षा हे बरं."

तिने मला दोनदा वाचलं. बोट ओळीखाली धरून, ओठ हलवत. दुसऱ्या वेळी ती ओळखीच्या आवाजाच्या प्रसंगाशी थांबली आणि तिच्या पोरीकडे बघत बसली.

पोर म्हणजे नयना. शाळेत नुकतीच जाऊ लागलेली, मराठी समजायची पण उत्तर हिंदीत द्यायची. दार वाजलं की सगळ्यांच्या आधी धावत जाऊन कडी काढायची. तिचा हात कडीला पोचत होता, आणि पद्मिनीला त्याचीच धास्ती होती. शेवटी तिने मला दाराजवळच्या चपलांच्या फळीवर उभं केलं, चित्र पुढे करून.

"हा हात बघितलास? कुणीही दार वाजवलं तरी कडी काढायची नाही. तो ओळखीचा आवाज काढतो. बाबांचा काढील, बीजींचा काढील. काढली कडी की हात आत."

नयना माझ्याकडे बघून आईच्या पदरात शिरली. पुन्हा कधी दाराकडे धावली नाही.

बीजी म्हणजे शेजारच्या सरदारजींची आई, मनगटात शिखांचं लोखंडी कडं घालणारी. पद्मिनीला दिवस गेल्यापासून रोज वाटीभर काहीतरी आणून द्यायच्या. त्यांच्यासाठी पद्मिनी स्वतः दार उघडायची.

नंदकुमार मात्र चिडला. "काय हे? पोरीला किती घाबरवशील?"

"घाबरलेली पोर घरात असते. तुम्ही आधी वेळेवर घरी या, मग मला शिकवा."

त्याने बॅग भरायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने लुधियानाला गेला.

त्या दुपारी पद्मिनी कपडे धुता धुता मोरीत पडली. आवाज भिंतीपलीकडे गेला. बीजी धावत आल्या, दार वाजवू लागल्या. "पद्मिनी! की होया, पुत्त?" आतून उत्तर नाही. पद्मिनीची शुद्ध हरपली होती. मोरीचं पाणी लाल होऊन जाळीकडे चाललं होतं.

नयना दाराशी आली. माझ्या अगदी समोर.

"नयना, बेटा, कुंडी खोल. मैं हां, बीजी."

"आप बीजी नहीं हो," नयना म्हणाली. "आप आवाज निकालते हो."

बीजी विनवत राहिल्या, मग रडू लागल्या. मागचं दार, तेही आतून बंद. सरदारजी कामावर. नयना कडीकडे बघायची, माझ्याकडे बघायची, आणि मागे सरकायची. मी चित्र आहे, मला पाठ फिरवता येत नाही.

शेवटी दाराला लागून असलेली काच फुटली. आणि भोकातून एक हात आत आला. सुरकुतलेला, कडी चाचपणारा. माझ्यावरचाच जणू.

नयना त्याला चावली. तिने तो दातांनी धरून ठेवला. बीजींनी हात मागे घेतला नाही. काचेने कापत, चावा सोसत त्यांनी कडी सरकवली.

पद्मिनी वाचली. बाळ वाचलं नाही. "थोडं आधी आणायला हवं होतं," एवढंच डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांना दाराचं काही माहीत नव्हतं.

नंदकुमार आल्यावर या गोष्टीबद्दल एक शब्द बोलला नाही, तेच पद्मिनीला सोसवलं नाही. बीजी पट्टी बांधलेल्या हाताने जेवण आणत राहिल्या. "बच्ची दा की कसूर," म्हणायच्या, आणि नयनाला तोच हात पुढे करायच्या. कितीतरी दिवस ती जवळ गेली नाही. मग एकदा तिने पट्टीशेजारच्या लोखंडी कड्याला बोट लावून बघितलं.

त्या दिवशी नयना फळीपाशी येऊन बसली आणि निळ्या पेन्सिलीने माझ्यावरच्या हाताला एक कडं काढलं. वाकडंतिकडं, कागद खरवडेल इतकं दाबून. पद्मिनी स्वयंपाकघरातून बघत होती. ती ओरडली नाही.

मला परत करताना तिने शेवटच्या पानावर एकेक अक्षर जुळवत हळूहळू लिहिलं, "चित्र फार चांगलं काढलंय. लहान मुलाला खरं वाटतं." दुसरं पुस्तक तिने घेतलं नाही.

आता मी ट्रंकेच्या तळाशी आहे. माझ्या कडांना कसर लागलीय. मधे कुणीतरी मला नेलं आणि पद्मिनीच्या अक्षराखाली लिहिलं, "मुखपृष्ठावर रेघोट्या. मुलांच्या हाती पुस्तक देऊ नये."

तुम्ही मला नेलंत तर खुशाल वाचा. हसा, घाबरा, वाटेल ते लिहा. मला मात्र दाराजवळ उभी करू नका. आणि खोडरबर हाती आलं तरी ते निळं कडं पुसू नका. माझ्यावरचा हात कुणाचा होता, ते त्या कड्यावरूनच कळतं.