उष्ट्यावर वाढलेला मी

मित्रांनो, मी जुना आहे हे वेगळे सांगायला नको. माझा निळा रंग उडून पांढुरका झाला आहे, एका बाजूला चीर गेली आहे आणि पोटाला जागोजागी भोके आहेत. ती भोके मुद्दाम पाडलेली आहेत, उंदरांनी कुरतडलेली नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण येणारा-जाणारा तेच विचारतो. मी खताचा ड्रम आहे. एका कॉलेजच्या मागच्या आवारात, पत्र्याच्या शेडखाली, लोखंडी स्टँडवर आडवा पडून मी आयुष्य काढले. मला वास येतो असे कोणी म्हटले की माझे डोके फिरते. अख्ख्या होस्टेलचे उष्टे पचवून ज्याच्या अंगाला वास येत नाही, असा दुसरा कोणी असेल तर मला दाखवा.

माझा जन्म साच्यात झाला आणि पहिली नोकरी साबणाच्या कारखान्यात लागली. तिथे मी आतून-बाहेरून लख्ख होतो. पुढे कारखान्याला नवे ड्रम मिळाले आणि मी भंगाराच्या दुकानात जाऊन पडलो. तिथून ताईने मला उचलले.

ताई कॉलेजात शिकवत असे आणि उरलेल्या वेळात कचऱ्यावर संशोधन करत असे. घरी तिला सगळे चिडवत, की एवढी शिकलीस ती शेवटी कचरा उपसायलाच ना? ती हसून विषय बदलायची, पण हातातले काम सोडायची नाही. तिच्या विभागाचे प्रमुख म्हणजे मोठे सर. ते एकेकाळचे तिचे शिक्षक. त्यांची हयात नळ, गटारे आणि सिमेंट यांत गेली होती. मला भोके त्यांनीच पाडली, तीही पट्टी लावून, समान अंतरावर. माझा स्टँड जमिनीला अगदी समांतर आहे की नाही हे पाहायला ते दोनदा खाली वाकले. खताला त्याचे काही देणेघेणे नसते, पण सरांना वाकडे काही बघवत नाही.

आता माझे काम सांगतो. भाजीची देठे, साली, पाने यांचे खत कोणीही करील. अडते ते शिजलेल्या, तेलकट अन्नापाशी. ते ढिगात पडले की सडते, माश्या घोंघावतात आणि शेजारी भांडायला येतात. म्हणून असे अन्न सरळ कचऱ्याच्या गाडीत जाते आणि गावाबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगरात भर पडते. ताईला नेमके तेच पचवणारे खत हवे होते. भुसा, पालापाचोळा, जुनी माती आणि होस्टेलचे उष्टे, असे ती माझ्या पोटात घालायची, दांडा धरून मला फिरवायची आणि वाट पाहायची. किती वेळा ते नासले म्हणून सांगू! मला पालथे करून, नाकाला ओढणी बांधून, ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. शेवटी त्या मिश्रणातले डोळ्यांना न दिसणारे जीव तेलाला सरावले. एके दिवशी तिने आत हात घातला आणि माझे पोट कढत लागले. खत गरम झाले की समजायचे, आतले जीव जेवायला बसले आहेत. ताई त्या मिश्रणाला विरजण म्हणायची, कारण त्यातले थोडे नव्या कचऱ्यात घातले की तोही तसाच तयार व्हायचा.

आणि ते विरजण ती मागेल त्याला द्यायची. होस्टेलच्या आचाऱ्याने नेले, दवाखान्याच्या माळ्याने नेले, ताईच्या आत्याने बाल्कनीतल्या कुंडीसाठी नेले. बरोबर कृतीचा छापील कागद असे. बदल्यात ताईची एकच अट होती, की काय झाले ते येऊन सांगायचे, चांगले झाले तरी आणि फसले तरी.

सरांना हे पटत नसे. "अगं, आधी संशोधनाचा पेपर तरी छापून येऊ दे," ते म्हणत. "उद्या कुणी स्वतःच्या नावावर खपवलं, तर तुझ्या हातात काय राहणार?"

"सर, कचरा रोज साठतोय," ताई म्हणायची. "पेपर येईपर्यंत त्याला थांब म्हणून सांगू का?"

खरे सांगायचे तर मी मनातून सरांच्या बाजूचा होतो. माझ्या पोटातले बादल्या भरभरून चालले होते आणि नाव मात्र कुठल्या तरी कुंडीचे होत होते. मलाही मत्सर वाटतो, मित्रांनो.

मग ताईच्या संशोधनाला मिळालेले अनुदान संपत आले. पुढचे मिळायचे तर समिती येऊन काम पाहणार होती. समितीला माझे पोट गरम लागले, तर संशोधन पुढे चालणार होते. नाही लागले, तर शेड दुचाक्यांना मिळणार, ताई नुसती शिकवत राहणार आणि मी भंगारात जाणार. हे सगळ्यांना ठाऊक होते.

समिती यायला काही आठवडे उरले असताना ताई एका परिषदेसाठी परगावी गेली. सुट्टीचा दिवस होता. मोठे सर डोक्याला टॉवेल बांधून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून शेडमध्ये आले. पाहुणे येणार म्हटले की ते घरच्या खिडक्यांचे गजसुद्धा एकेक करून पुसतात, असे त्यांची बायको सांगते. त्यांनी माझे पोट पार रिकामे केले आणि आतला ऐवज कचऱ्याच्या गाडीत टाकला. मग उकळते पाणी ओतले आणि बाटलीभर फिनाईल घालून मला ब्रशने घासघास घासले. स्टँडला हिरवा रंग दिला. एवढ्यावर थांबतील तर ते सर कसले! प्रयोगशाळेतल्या फ्रीजमध्ये बुरसटलेल्या बरण्या दिसल्या, त्याही त्यांनी फेकून दिल्या. संध्याकाळी ते कमरेवर हात ठेवून माझ्याकडे कौतुकाने पाहत उभे राहिले. मी चकाकत होतो, आणि उभ्या आयुष्यात इतके एकटे मला कधी वाटले नव्हते.

ताई परत आली, तिने माझे झाकण उघडले आणि वास घेतला.

"सर, फिनाईल?"

"पाहुणे यायचेत म्हटलं," सर खुशीत म्हणाले. "मुद्दाम लिंबाच्या वासाचं आणलं."

ताई तिथेच पायरीवर बसली. मग म्हणाली, "असू दे. फ्रीजमध्ये थोडं राखून ठेवलंय."

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. "त्या बरण्या? मला वाटलं, कुणीतरी जेवणाचा डबा विसरलंय."

ताईने माझे झाकण लावले आणि ती घरी गेली. तिने चार शब्द सुनावले असते तर सरांना बरे वाटले असते, आणि मलाही.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. मला साध्या पाण्याने धुऊन काढले, उन्हात तापवले, नवा भुसा, नवा पाला, नवे उष्टे भरले. मी थंडच राहिलो. वर काही दिवसांनी मला वास येऊ लागला. शेडजवळून जाणारी माणसे नाक दाबत होती आणि या वेळी त्यांचे खरे होते. शरमेने मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. सर रोज येऊन भोकातून बोट घालून पाहत. एकदा हळूच म्हणाले, "समिती यायच्या वेळेपुरती आत गरम पाण्याची पिशवी ठेवली तर?" ताईने त्यांच्याकडे नुसते पाहिले. "नाही नाही, तसलं काही नको," असे तेच घाईघाईने म्हणाले.

मग ताई उठली. "सर, बादली घ्या. मागायला जायचंय."

"कुणाकडे?"

"ज्यांना देऊ नको म्हणत होतात, त्यांच्याकडे."

पुढचे मी पाहिलेले नाही, पण सरांनी ते नंतर इतक्यांना सांगितले आहे की मला तोंडपाठ झाले. आधी ते आचाऱ्याकडे गेले. त्याचे विरजण सुट्टीत उपाशी राहून मेले होते. तो बिचारा ओशाळून म्हणाला, "होस्टेल रिकामं, उष्टं कुठून आणू?" तिथून आत्याकडे. आत्याची कुंडी जिवंत होती. सरांनी सगळी हकीकत मान खाली घालून सांगितली आणि बादली पुढे केली. आत्याने निम्मेच काढून दिले.

"आणखी नाही मिळायचं," ती म्हणाली. "उद्या तुम्हाला पुन्हा सफाईची हुक्की आली म्हणजे?"

शेवटी दवाखान्याचा माळी. त्याच्याकडे तर मोठा हौद भरून खत वाफाळत होते. खूप ओले होते म्हणून त्याने औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे फाडून त्यात घातले होते, आणि ते ताईच्या मूळ कृतीपेक्षा लवकर तयार होत होते. ताईने तिथेच उकिडवे बसून त्याला प्रश्नांनी भंडावून सोडले. मेले का, जगले का, काय घातले, किती घातले. सर बादली धरून उभे होते. त्यांच्या मनात काहीतरी हलले असावे, कारण परत येताना बादली त्यांनी ताईला हातही लावू दिली नाही.

दोन्हीकडचे विरजण माझ्या पोटात पडले. वर फाडलेले पुठ्ठे आले. मी काय सांगू तुम्हाला, परक्या घरी वाढून आलेली पोरे होती ती, पण मला ओळख पटली. पहिल्यांदा अंग नुसते कोमट झाले. मग एका सकाळी सरांनी भोकात बोट घातले आणि चटका बसल्यासारखे मागे घेतले. शेडमध्ये दुसरे कोणी नव्हते. ते चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

समिती आली. अध्यक्षबाईंनी बाह्या सरसावून आत हात घातला आणि मान डोलावली. आता गप्प बसायचे की नाही? पण ताईने सगळे सांगून टाकले. फिनाईल, फ्रीज, बादली, काहीही लपवले नाही.

समितीतले एक गृहस्थ चष्म्यावरून पाहत म्हणाले, "म्हणजे हा माल तुमचा नाहीच. आणि तुम्ही फुकट वाटत सुटला आहात. मग आम्ही पैसे द्यायचे कशासाठी?"

मला वाटले, संपले. ताई तोंड उघडणार तोच मोठे सर पुढे आले.

"वाटण्यासाठीच द्यायचे," ते म्हणाले. "विकायचं असतं तर आम्ही दुकान काढलं असतं, तुमच्याकडे आलो नसतो. साहेब, मी हिला वाटू नको म्हणत होतो. तिनं माझं ऐकलं असतं, तर आज तुम्हाला दाखवायला इथं एक धुतलेला ड्रम असता. हे पुठ्ठ्याचं आम्हाला सुचलं नव्हतं. आता ते कृतीत घालायचंय. आचाऱ्याचं का मेलं तेही घालायचंय. आणि मी काय केलं तेही घालायचंय, अगदी माझ्या हुद्द्यासकट."

अध्यक्षबाई हात पुसत राहिल्या.

अनुदान मिळाले. मागितले त्याहून कमी मिळाले आणि ताईला दर वर्षी त्यासाठी नव्याने उंबरे झिजवावे लागतात, पण शेडमध्ये दुचाक्या आल्या नाहीत. माझ्या बाजूला आता पोलादी ड्रम उभा आहे. तो दिमाखात असतो. मला चीर गेल्यापासून फार भार झेपत नाही, म्हणून माझ्याकडे फक्त विरजण राखायचे काम दिले आहे. कधी कोणी माझ्या झाकणाची कडी लावायला विसरते आणि पावसाचे पाणी आत शिरते. कधी काचा किंवा सेलही उष्ट्याबरोबर माझ्या पोटात येतात, तेव्हा फार कळवळायला होते. तेवढे सांभाळलेत, मित्रांनो, तर मी अजून बरीच वर्षे काढीन.

परवा ताईला परदेशातून कोणाचा तरी फोन आला. त्यांच्या गावात तेच अन्न, तोच डोंगर, तीच भांडणे. तिने सगळी कृती त्यांना पाठवली. मला आता मत्सर वाटत नाही. माझ्या पोटातले जिथे जिथे गेले, तिथे तिथे मी जिवंत आहे असे मी धरून चालतो. तुम्हीही मोठे होऊन काहीतरी शोधून काढाल. ते मुठीत आवळून ठेवू नका, आणि फसले तर तेही सांगा.

आणि हो, विरजण हवे असेल तर केव्हाही या. येताना डबा आणा, पण झाकणाला भोके पाडून आणा. गच्च बंद केले की आतले सगळे गुदमरून मरते.