तिसरा पुकारा

"रावसाएब, मी नाय मारनार हाक त्याला," काळुराम पट्टेवाला म्हणाला आणि ओटीच्या खांबाला टेकला. "मेलेल्याला नावानं बोलवायचा म्हंजे काय? आला तर बसवाल कुठं?"

कारकून प्रभाकरपंत गुप्त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. प्रश्न वाजवी होता. खुर्ची एकच होती.

अठराशे सत्त्याण्णव सालचा फाल्गुन. कल्याणात प्लेग शिरला तसं अर्धं गाव शेतांतल्या झोपड्यांत गेलं. कचेरीही दप्तरं बांधून माळावरच्या तंबूत गेली. मागे जुन्या कचेरीच्या ओटीवर राहिलं एकच काम: दुष्काळानं घाट उतरलेल्या बेकार माणसांची नावं लिहायची आणि त्यांना मुरबाडच्या रस्त्यावर खडी फोडायला धाडायचं. हे काम कोणत्याही सबबीवर बंद पडू नये, असा वरून हुकूम होता. हुकमावर सही करणारे साहेब हवापालटाला गेले होते.

रीत अशी: नंबर लागला की घरच्या कर्त्याच्या नावाचा रोज एक, असे तीन दिवस पुकारे व्हायचे. "हजर" आलं की चिठ्ठी, आणि एका चिठ्ठीवर सगळं बिऱ्हाड कामाला. तिसऱ्यालाही ओ आली नाही तर नाव कमी. मग बायकोनं यादीच्या तळाशी नव्यानं नाव घालायचं आणि महिनाभर थांबायचं. पोटं काही महिनाभर थांबत नसत.

मेलेल्यांची यादी इस्पितळातून रोज सकाळी येई. पण ती पुकाऱ्याच्या नियमात कुठं बसत नव्हती, म्हणून मेलेल्यांनाही तीन पुकारे मिळत. ओस पेठेतून काळुरामचा आवाज काळ्या तळ्यापर्यंत जाई आणि तिकडून नाव तेवढं घेऊन परत येई. हल्ली पंतांना ते जेवतानाही ऐकू यायचं. बायको, सुमती, नौपाड्याला माहेरी होती. त्यामुळे घास हातात धरून पंत कुणाला "ओ" देतात, हे विचारायला घरात कुणी नव्हतं.

आज दौलत सखारामचा तिसरा पुकारा होता. हा पारनेरकडचा गडी प्लेगनं जाऊन बारा दिवस झाले होते. त्याची बायको रखमाबाई दहा दिवस वेगळ्या छपरात काढून, दोन पोरींना घेऊन काल सुटली होती. ती ओटीच्या पायरीवर बसली होती.

"बाई, दौलत गेला ना?" पंतांनी हळूच विचारलं.

"हाक तर मारा, सायेब. तुमचं काम हाय त्ये."

काळुराम खांब सोडीना. शेवटी पंत स्वतः उठले. अठरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी आवाज चढवला नव्हता.

"दौलत सखाराम, हजर?"

नाव पेठेतून गेलं. तळ्याकडून परत आलं.

"हजर," रखमाबाई म्हणाली.

"कोण हजर?"

"त्ये."

"कुठाय?"

"हाय की हितंच. तुमी बोलावलं, आलं."

धाकटी पोर हळूच मागं वळून बघायला लागली. थोरलीनं तिची मान धरून पुढं केली.

पंतांनी हुकमाचा कागद काढला आणि दोनदा वाचला. ओ आली पाहिजे, असं त्यात होतं. कुणाच्या तोंडून, ते लिहायचं राहिलं होतं. तपासणी झाली तर मात्र नोकरी जाईल, हे कागद न वाचताही कळत होतं. समोर इस्पितळाची बारा दिवसांपूर्वीची यादी होती. तिच्यात दौलत सातवा. पंतांनी ती उपडी घातली, टाक बुडवला आणि नावापुढं लिहिलं: हजर.

"रावसाएब," काळुराम कुजबुजला, "तुमाला दिसला?"

"नियमाप्रमाणे दिसण्याची आवश्यकता नाही."

काळुरामनं रखमाबाईच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं बघितलं. मग खांबापासून निघून, वाट सोडून एका बाजूला झाला.

रखमाबाईनं चिठ्ठी पदराला बांधली. उठली, पण लगेच उतरली नाही. डोक्यावरचा पदर पुढं ओढून क्षणभर थांबली आणि मग पोरींना घेऊन खाली आली.

मुरबाडचा रस्ता लांबवर रिकामा पडला होता. मधून चालायला कुणाची हरकत नव्हती. तरी ती डाव्या कडेनं चालली, पुढं एका माणसापुरती जागा ठेवून. धाकटी पळत पळत त्या जागेत शिरली, तेव्हा तिनं तिला दंडाला धरून मागं घेतलं.