खांद्यावरची थाप

"हा नको." मेजरबाईंनी नवऱ्याचा पदक लावलेल्या गणवेशातला फोटो टेबलावरून परत सरकवला. "हा घ्या."

समोर बसलेल्या तरुण कॅप्टनने दुसरा फोटो उचलला. त्यात मेजर कामाच्या तेलकट निळ्या डांगरीत उभे होते. दोन दिवसांची दाढी, आणि पाठीमागे दार काढून ठेवलेलं लहानसं हेलिकॉप्टर.

"मॅडम, आपल्या तुकडीच्या सभागृहात लष्करी कामगिरीच लावतात. सर गेले ते निवृत्तीनंतर... म्हणजे खासगी नोकरीत."

"मग? नोकरीत म्हणजे काय सहलीला गेले होते?"

चहाचे कप घेऊन येणाऱ्या मुलीने डोळे वटारले. "आई, सहा वर्षं अर्ज खरडतेय मी. हातातोंडाशी आलंय, आता तू खोडा घालू नकोस. बाबा भिंतीवर लागताहेत ना? बस झालं."

"लागायचे तर अख्खे लागू देत. अर्धे नकोत मला."

पदकाचं मोल मेजरबाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. बर्फातल्या चौकीवरून मेजरांनी हेलिकॉप्टरने अकरा जखमी खाली आणले होते. पण निवृत्तीनंतर त्यांनी हेलिकॉप्टरमधून विजेच्या मोठ्या तारा दुरुस्त करणाऱ्या कंपनीत नोकरी धरली, तेव्हा जुने दोस्त याच खोलीत बसून हसले होते. "वाघ होतास लेका, तारेवरचा कावळा झालास!"

"कावळ्याला तारेवरून पडताना पाहिलंय का कुणी?" मेजर म्हणाले होते. "आणि पळायला सगळ्यांनाच येतं रे. थांबायला शिकावं लागतं."

ते थांबणं काय असतं, हे मेजरबाईंनी त्यांच्या उजव्या हातात पाहिलं होतं. वायरमन हेलिकॉप्टरच्या बाहेरच्या फळीवर बसून तारेवर काम करायचा, आणि तोवर मेजर यंत्र वाऱ्यात वीतभरही न हलवता तोलून धरायचे. संध्याकाळी तो हात उघडायचाच नाही. कोमट पाण्यात धरून मेजरबाई एकेक बोट सोडवायच्या.

दारावर टकटक झाली. मेजरांच्या जोडीचा तो वायरमन आला होता. पिकलेल्या मिशा, कमरेला पक्कड. मेजर गेल्यापासून नऊ वर्षं तो दर महिन्याला यायचा आणि काही बिघडलेलं नसलं तरी घरातली सगळी बटणं दाबून बघायचा.

"वहिनी, पंखा कुरकुरतोय का अजून?"

"पंखा राहू दे. बस इथे. ह्यांना त्या दिवसाचं सांग."

वायरमन बसला नाही. टोपी हातात घेऊन उभाच राहिला.

"आमची एक पद्धत होती, साहेब. मनोऱ्यावर उतरायचं झालं की मी माझा पट्टा मनोऱ्याला अडकवायचा, यंत्राला अडकवलेला माझा आकडा सोडायचा, आणि मग मेजरसाहेबांच्या खांद्यावर दोनदा थाप मारायची. म्हणजे मी सुटलो, तुम्ही निघा. थाप पडेपर्यंत त्यांनी हलायचं नाही. त्या दिवशी पट्टा अडकवला आणि इंजिन खोकायला लागलं. खाली नदीचं वाळवंट होतं. तेव्हाच वळले असते तर वाचले असते. पण माझा आकडा अडकला होता. निघेच ना. हलले असते तर माझे दोन तुकडे झाले असते."

"मग?"

"मग काय, साहेब. थांबले. सात सेकंद, आठ सेकंद. वळून पाहिलंसुद्धा नाही. 'सावकाश, घाई नाही,' म्हणाले. आकडा सुटला. मी थाप मारली, दोनदा. मग निघाले. पण तोवर..."

कपातला चहा निवला होता.

"हे अपघाताच्या अहवालात नाही," कॅप्टन हळूच म्हणाला.

"अहवाल लिहिणारे जमिनीवर होते," मेजरबाई म्हणाल्या. "तुम्ही तर हेलिकॉप्टर उडवता ना? मग सांगा, ही कामगिरी कोणत्या खात्यात घालायची?"

कॅप्टनने डांगरीतला फोटो पाकिटात घातला. "शब्द देत नाही, मॅडम. पण विचारायला मी स्वतः जातो."

तो गेल्यावर मुलीने पदकाचा फोटो उचलला आणि कपाटात ठेवून दिला.

दोन महिन्यांनी सभागृहात मेजर लागले, डांगरीतच. इस्त्रीच्या गणवेशांच्या रांगेत तेवढीच एक दाढी वाढलेली. खाली सेवेची वर्षं, पदक, आणि त्याखाली दुसरी ओळ : 'पुढे वीजवाहिन्यांच्या दुरुस्तीवर. सहकाऱ्याला सुखरूप उतरवून मृत्यू.' मेजरबाईंनी ती ओळ चष्मा पुसून दोनदा वाचली. मान ताठ ठेवली.

अधिकाऱ्यांनी सलाम केला. वायरमनला सलाम येत नव्हता. त्याने हात पँटला पुसला, पुढे झाला, आणि काचेवर मेजरांच्या खांद्याशी दोनदा थाप मारली. फोटो किंचित कलला. त्याने तो दोन्ही हातांनी सरळ केला, आणि बाकीचे चहाकडे वळले तरी तो तसाच धरून उभा राहिला, जराही न हलता.