पंप थांबवू नकोस

विराजला नाही म्हणता येत नाही, हे त्याची बायको स्वप्ना लग्नापासून कानीकपाळी ओरडून सांगत होती. पण ऐकतोय कोण! त्याचा जुना बॉस क्लाइव्ह म्हणाला, "मेट, रविवारी हिलक्लाइंबला, डोंगर चढायच्या शर्यतीत, माझ्या शेजारी बसशील?" आणि हा पठ्ठ्या नेहमीसारखं लगेच म्हणून मोकळा झाला, "नो वरीज!" विराज युनीत शिकत असताना क्लाइव्हनेच त्याला पोर्ट केम्बलाच्या स्टीलवर्क्समध्ये चिकटवून घेतलं होतं. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?

क्लाइव्हची गाडी अमेरिकन, शंभर वर्षांहून जुनी. ती बनवणारी कंपनी कधीच बुडाली होती. एके काळी ती लक्षाधीशांसाठी मखमली गाद्यांच्या गाड्या बनवायची आणि नाव गाजावं म्हणून त्याच गाडीचं छप्पर, दारं, गाद्या काढून तिला शर्यतीत उतरवायची. मग उरायचं काय? भलंमोठं इंजिन, दोन खुर्च्या आणि पाठीशी पेट्रोलची टाकी. सीटबेल्टचं तर नावच काढू नका. पुढच्या चाकांना ब्रेकसुद्धा नव्हते.

"तुझं काम सोपं आहे," क्लाइव्हने सांगितलं. "हा हातपंप मारत राहायचं. टाकीत हवेचा दाब असला तरच पेट्रोल इंजिनपर्यंत पोचतं. काही झालं तरी पंप थांबवू नकोस."

वॉलॉंगॉंगच्या मागच्या डोंगरावरचा रस्ता शर्यतीसाठी बंद केला होता. स्वप्ना लेकीला कडेवर घेऊन वर, फिनिशपाशी उभी होती. गाडी सुटली आणि विराज पंप मारायला लागला. पायाखालची फळी थरथरत होती, तोंडावर गरम तेल उडत होतं आणि डाव्या हाताला, अगदी त्याच्या कोपराशी, नुसती दरी. खाली झाडांचे शेंडे दिसत होते. कुठून झक मारली आणि हो म्हटलं, असं त्याला झालं. तरी तो पंप मारत राहिला.

दुसऱ्या वळणानंतर क्लाइव्हचं डोकं छातीवर पडलं. विराजला वाटलं, खाली काहीतरी बघतोय. मग म्हातारा अख्खाच स्टिअरिंगवर कोसळला. बूट मात्र अॅक्सिलरेटरवर तसाच दाबलेला.

"क्लाइव्ह!"

 इंजिन बंद करायचा खटका त्याच्या अंगाखाली दबलेला. गाडी सुसाट निघाली होती आणि विराजचा हात पंप मारतच होता. भीतीने डोकं बंद पडलं होतं, सांगितलेलं काम तेवढं चालू होतं. त्या राक्षसिणीला पेट्रोल पाजत होता तो स्वतः!

"अरे गाढवा!" तो स्वतःवरच खेकसला. त्याने पंप सोडला आणि टाकीतली हवा सोडायची चावी फिरवली. फुस्स झालं. पण इंजिन बंद पडेना. कार्बोरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत ते धावणारच होतं, आणि समोर उजवं वळण आलं.

क्लाइव्हला कोपराने मागे ढकलून विराजने दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं. ते हलता हलेना. तोंडात आपोआप लहानपणापासून पाठ असलेलं बुद्धवंदनेतलं त्रिसरण आलं, पण पहिल्या शब्दापुढे जाईना. डावी चाकं खडीत उतरली. एक दगड सुटून खाली गेला, तो आपटल्याचा आवाजही आला नाही. मेलो, त्याला वाटलं. पोर माझी.

इंजिन खोकलं. पुन्हा खोकलं. बंद पडलं. चढावर गिअरमधली गाडी धक्के खात थांबली.

स्वप्ना नर्स. वरून गाडी थांबलेली दिसताच पोरीला शेजारच्या बाईकडे देऊन ती उतारावरून धावत आली आणि विराजकडे न बघताच क्लाइव्हची नाडी चाचपू लागली. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत म्हाताऱ्याने डोळे उघडले होते. स्ट्रेचरवर त्याने तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"सॉरी, मेट. पुढच्या वर्षी पूर्ण करू. येशील ना?"

विराजच्या ओठांवर ते नेहमीचे दोन शब्द आलेही. त्याचा उजवा हात अजून वरखाली होत होता, मांडीवर दाबून धरला तरी थांबत नव्हता.

"नाही," तो म्हणाला. चक्क मराठीत. मग पुन्हा, मोठ्याने, "नाही!"

क्लाइव्हला शब्द कळला नसावा, पण त्याने मान हलवली. स्वप्नाला मात्र कळला. इतका वेळ खंबीरपणे काम करणारी ती बाई तिथेच रस्त्यात बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली.